मागच्या अंगणातलं एका दाराचं घर

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. पूर्ण मिटा. बोटांच्या फटीतून बघणारे मला कळतात. आयुष्यभर वर्गात दुसरं काय केलंय मी?

आता एक बैठं घर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मागे अंगण. अंगणात पत्र्याची एक शेड. शेडमध्ये पाय मोडलेली खाट, चाक नसलेली सायकल, कधीतरी लागतील म्हणून जपून ठेवलेल्या फरशा, आणि त्या फरशांवर मांडी घालून गणितं सोडवणारी दहा-बारा मुलं. दिसतंय? छान. आता ती शेड उचलून बाजूला ठेवा आणि तिच्या जागी एक छोटंसं घर उभं करा. एक खोली, एका कोपऱ्यात ओटा, मागे न्हाणीघर, एक खिडकी, एक दार.

झालं? बघा, तुम्हाला दोन श्वासांचाही वेळ लागला नाही. मला तेच घर उभं करायला सरकारची तिजोरी, तीन खात्यांचे साहेब, एक वैतागलेला गवंडी आणि बायकोचे अगणित टोमणे लागले. उघडा डोळे. सांगतो.

मी निवृत्त शिक्षक. सगळे मला मास्तर म्हणतात. दुपारी आसपासची मुलं शेडमध्ये जमतात, त्यांना मी शिकवतो. फी नाही. फी नसल्यामुळे आमची ही त्याला शिकवणी न म्हणता "तुमचा उद्योग" म्हणते. आमच्या वर्गात शिस्त मात्र कडक. कोणी मोठं माणूस आलं, की सगळ्यांनी एकदम उठून उभं राहायचं आणि एका सुरात म्हणायचं, "नमस्ते, साहेब!" बाई असतील तर "नमस्ते, बाई!" दूधवाला आला तरी उठायचं. पहिल्या दिवशी बिचारा इतका घाबरला की दूध न घालताच परत गेला. ही शिस्त नीट लक्षात ठेवा. पुढे तिने माझा घात केला.

त्या मुलांमध्ये एक मुलगी होती. तिला सगळे 'काबरं' म्हणत. कारण काहीही सांगितलं की ती मान तिरकी करून विचारायची, "का बरं?" त्रिकोणाला तीन बाजू असतात. का बरं? पृथ्वी फिरते. का बरं? तिची आई बेकरीत कामाला होती. पहाटे, बस सुरू व्हायच्या आधी, भट्टी पेटवायला तिला पोहोचावं लागे. म्हणून मायलेकी आमच्याच गल्लीच्या टोकाला एका भाड्याच्या खोलीत राहत. त्या खोलीचा मालक मोठा गमतीदार होता. म्हणजे त्याला स्वतःला तसं वाटायचं. तो केव्हाही, न विचारता, दार ढकलून थेट आत यायचा. नळ बघायला, भिंत बघायला, कधी नुसताच. काबरंने एकदा त्याला विचारलं होतं, "काका, तुम्ही दार वाजवत नाही. का बरं?"

"माझं घर आहे, म्हणून," तो म्हणाला होता.

काबरंने आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

तर एके दिवशी काबरं वर्गात गप्प बसली. काबरं गप्प म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं. विचारल्यावर कळलं, की मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि त्याला ती खोली हवीय. जवळपास दुसरी खोली परवडेना. तेव्हा उन्हाळा संपेपर्यंत काही जमलं नाही, तर आईने बेकरी सोडायची आणि दोघींनी दूर मामाच्या गावी जायचं.

आता हे 'परवडेना' प्रकरण तुम्हाला समजावून सांगतो. संगीत खुर्ची खेळलाय ना? गाणं थांबलं की सगळे खुर्च्यांवर झडप घालतात. खुर्च्या कमी, माणसं जास्त. बाहेर कोण जातं? आळशी? मुळीच नाही. जो सगळ्यात बारका असतो, ज्याला धक्का देता येत नाही, तो. घरांचंही तसंच झालं होतं. तेव्हा सरकारच्या मनात आलं, की बाहेर गेलेल्यांना नुसता धीर देत बसण्यापेक्षा चार खुर्च्या वाढवाव्यात. पण खुर्च्या मांडायला जागा कुठे? तर लोकांच्या अंगणात! ज्याच्याकडे रिकामी जागा आहे त्याने एक छोटं घर बांधावं, अर्धा खर्च सरकार देईल, उरलेल्याला स्वस्तात कर्ज देईल. मात्र ते घर ठरलेल्या कमी भाड्याने, गरज असलेल्या माणसालाच द्यायचं. अशी ती योजना.

मी ती वर्तमानपत्रात वाचली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून जाहीर केलं, "मुलांनो, आपण या शेडच्या जागी घर बांधणार आहोत. काबरं कुठेही जाणार नाही!"

टाळ्या पडल्या. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. हे मी घरी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आमची ही भाजी घेऊन आली ती दारातच थांबली. "अहो, भाजीवाली माझं अभिनंदन करत होती. आपण घर बांधतोय म्हणे?"

"तेच सांगणार होतो तुला."

"भाजीवालीच्या आधी की नंतर?"

मी संगीत खुर्चीचं उदाहरण दिलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "त्या पोरीला ठेवून घ्यायला माझी ना नाही. पण बांधकाम तुम्ही करणार, याची मला भीती वाटते. तुम्ही भिंतीवर खिळा ठोकायला गेलात तेव्हा शेजाऱ्यांच्या घरातला आरसा पडला होता."

ते शेजारी म्हणजे हेडक्लार्क. निवृत्त झाले, पण त्यांच्यातला हेडक्लार्क निवृत्त झाला नाही. त्यांना कुंपणापलीकडून सगळं ऐकू येतं आणि ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला देणं हे ते आपलं कर्तव्य समजतात.

"मास्तर," ते कुंपणावर कोपरं टेकवून म्हणाले, "सरकारी कामाचा एकच नियम. साहेब जे मागेल ते द्यायचं. वाद घालायचा नाही. विचारलं नाही ते सांगायचं नाही."

हा सल्ला चांगला होता. मी तो पाळला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शिक्षकाला विचारलं नाही तेच सांगायची सवय असते. अर्जात प्रश्न होता, 'जागेचा सध्याचा वापर.' 'रिकामी' असं लिहायचं सोडून मी सविस्तर उत्तर लिहिलं: शेड, खाट, सायकल, फरशा, मुलांची शिकवणी, आणि खाटेखाली व्यालेली मांजर. गृहनिर्माण कार्यालयातल्या साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "मांजर तुमची आहे का?"

"नाही."

"मग ती कब्जेदार समजायची का?"

मला वाटलं विनोद करताहेत, म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत. मांजर पिल्लांसह स्वतःच्या मर्जीने शेजारी राहायला गेल्याचं हेडक्लार्कांनी लिहून दिलं, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. ते साहेब सज्जन होते हो. किरकोळ अंगाचे, कायम चिंतेत असल्यासारखे. त्यांचा एकच आग्रह होता, की कागदात आणि जागेवर एकच गोष्ट दिसली पाहिजे.

मंजुरी आली. पैसे तीन हप्त्यांत मिळणार होते: पाया झाल्यावर, छत झाल्यावर आणि घर पूर्ण झाल्यावर. प्रत्येक वेळी आधी पाहणी. आणि शेवटच्या पाहणीनंतर दाखला मिळाल्याशिवाय तिथे कोणीही राहायचं नाही.

शेड पाडली. मोकळ्या जागेवर मी मुलांकडून घराचा नकाशा काढून घेतला. वहीत नाही, जमिनीवर, खडूने, खऱ्या मापाचा. भिंती कुठे, ओटा कुठे, दार कुठे. मग मुलं त्या रेघांच्या घरात राहायला लागली. भिंत ओलांडली की ओरडायचं, "ए, भिंतीतून कुठे चाललास? दाराने जा!" काबरं तर दिवसभर तिथेच. खडूच्या ओट्यावर स्वयंपाक करायची, खडूच्या खिडकीतून बघायची. आमची ही एकदा सहज त्या ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "इथे मी वाकले की दारातून येणारा थेट माझ्यावर आदळणार. दार पलीकडे घ्या." दार पलीकडे गेलं.

गवंडी आला तेव्हा रेघा तयार होत्या. माझ्यावर तो खूश झाला, पण काबरंवर नाही. त्याने वीट ओली केली की ती विचारायची, "का बरं?" ओळंबा सोडला की, "का बरं?" तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "मास्तर, एक तर हिला शाळेत पाठवा, नाही तर मला." पण मग तोच तिला सांगायला लागला, की वीट तहानलेली असली तर सिमेंटचं पाणी पिऊन टाकते. काबरं विटांना पाणी पाजायला लागली.

पाया झाला. पहिला हप्ता आला. छत झालं. दुसरा हप्ता आला. हेडक्लार्क कुंपणावरून म्हणाले, "इतकं सरळ चाललंय म्हणजे काहीतरी चुकतंय." मी त्यांच्याकडे दयेने बघितलं. माणसाने इतक्या दयेने कोणाकडे बघू नये.

मग गिलावा झाला. आणि तो गवंड्याने असा काही सुरेख केला, की मी बघतच राहिलो. समोरची भिंत गुळगुळीत, सपाट, खिडकीतून तिच्यावर डावीकडून उजेड. मुलांनो, गवयाला रिकामा रंगमंच दिसला की जसं होत असेल, तसं मला झालं. दोन दिवस मी स्वतःला आवरलं. तिसऱ्या दिवशी काळ्या रंगाचा डबा आणला आणि त्या भिंतीवर फळा रंगवला.

"अहो," आमची ही दारातून म्हणाली, "ओट्यासमोर फळा? बाईने पोळ्या लाटायच्या की पाढे म्हणायचे?"

"तात्पुरता आहे. शेड पाडली, मुलं कुठे बसणार? घर तयार झालं की पांढरा रंग दिला, संपलं."

त्या दुपारी नव्या घरात वर्ग भरला. आवाज काय घुमत होता! मी अपूर्णांक शिकवत होतो. एवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं आणि मुलं सटकन उठली.

"नमस्ते, साहेब!"

गृहनिर्माणचे साहेब शेवटच्या पाहणीला, कळवल्यापेक्षा आधी आले होते. त्यांनी फळा बघितला. फळ्यावरचे अपूर्णांक बघितले. ओळीत उभी असलेली मुलं बघितली. माझ्या हातातला खडू बघितला.

"मास्तर," ते अगदी दुःखाने म्हणाले, "ही शाळा आहे."

"नाही हो, घर आहे!"

"घरात कोणी असं उठून उभं राहतं का?"

आमच्या घरात तर मी आल्यावर कोणी मान वर करूनही बघत नाही. मुलं मात्र मी सांगेपर्यंत बसणार नव्हती. साहेब फाटकाबाहेर गेले तरी ती उभीच होती. शिस्त!

फाइल शिक्षण खात्याकडे गेली. आठवड्याभरात पत्र आलं. वर माझं नाव आणि खाली शब्द: 'मुख्याध्यापक'.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी जन्मभर मास्तर राहिलो. मुख्याध्यापकाची खुर्ची कायम माझ्या शेजारच्या माणसाला मिळाली. ते पत्र मी टेबलावर असं ठेवलं, की येणाऱ्याला सहज दिसावं. आमच्या हिने ते वाचलं. "वा! एवढी वर्षं नाही झालात, ते आता न्हाणीघराच्या शेजारी झालात." मी पत्र कपाटात ठेवलं. फाडलं नाही.

शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी मैदान कुठे आहे, ते विचारलं. मी म्हटलं, ही शाळा नाही. ते म्हणाले, "शाळा नाही हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे आहे, पण त्यासाठी आधी ती शाळा म्हणून नोंदवावी लागेल." हे वाक्य मी मुलांना व्याकरणासाठी देणार होतो, पण त्याचा अर्थ मलाच सांगता येईना. जाता जाता त्यांनी फाइल अग्निशमन खात्याला दाखवली. तिथले साहेब भारदस्त, गुडघ्यापर्यंत बूट. ते म्हणाले, "मुलं बसतात? मग बाहेर पडायला दुसरं दार पाहिजे."

इथे मला हेडक्लार्कांचा सल्ला आठवला. साहेब जे मागेल ते द्यायचं, वाद घालायचा नाही. या खेपेला मी तो तंतोतंत पाळला. गवंड्याला बोलावून बाजूची भिंत फोडली आणि दुसरं दार बसवलं. पहिली वीट काढताना त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी आत जाऊन पाणी प्यायलो.

गृहनिर्माणचे साहेब पुन्हा आले. दोन्ही दारांतून एकेकदा आतबाहेर करून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मास्तर, दोन दर्शनी दारं म्हणजे दोन घरं!"

"एकच खोली आहे हो."

"तेच तर! एका खोलीत दोन घरं म्हणजे प्रत्येक घर अर्धं. अर्ध्या घराला योजनेत मदत नाही."

मी म्हटलं, पण अग्निशमनवाले म्हणाले. साहेब म्हणाले, ते शाळेसाठी म्हणाले. मी म्हटलं, पण ही शाळा नाही. साहेब म्हणाले, मग दार का केलंत? बघा, किती सरळ प्रश्न! काबरं शेजारीच उभी होती. ती त्या दुसऱ्या दाराकडे बघत होती.

गवंडी परत आला. दार काढलं, भिंत बुजवली. फळ्यावर आम्ही पांढरा रंग दिला. वाळल्यावर फळा पुन्हा वर आला, करडा होऊन. पुन्हा रंग दिला. पुन्हा आला. हेडक्लार्क म्हणाले, "सगळ्याच भिंती काळ्या करा, म्हणजे वेगळा दिसणार नाही." आमची ही म्हणाली, "आणि माणसं पांढरी रंगवा."

मी हसलो, पण मनात हसू नव्हतं. उन्हाळा संपत आला होता. बेकरीवाल्या ताईंनी बोचकी बांधायला घेतली होती. मामाने तिकडच्या शाळेत चौकशी करून ठेवली होती. एके दिवशी काबरंने माझ्याकडून वाचायला नेलेलं पुस्तक परत आणून दिलं. अर्ध्यात खूण घातलेली होती.

"संपलं नाही ना अजून?" मी विचारलं.

"नाही. पण तिकडे गेल्यावर कसं परत करणार?"

तिच्या 'का बरं'ला मी आजवर कधी घाबरलो नव्हतो. पण त्या दिवशी तिने तो विचारू नये, असं मला वाटत होतं. तिने विचारलाच नाही.

मी गृहनिर्माण कार्यालयात जाऊन बसलो. उठलोच नाही. शिपायाच्या मुलाची गणितं सोडवून दिली, साहेबांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल सरळ करून दिला. शेवटी साहेब म्हणाले, "एक पाहणी करू. शेवटची. तिन्ही खात्यांची एकत्र, म्हणजे पुन्हा फाइल फिरायला नको. ते घर आहे असं दिसलं, तर तिथल्या तिथे दाखला. शाळा दिसली, तर योजना रद्द आणि मिळालेले हप्ते परत. मास्तर, मलाही ते घरच दिसावं असं वाटतं हो. पण दिसलं पाहिजे."

पाहणीच्या दिवशी मी वर्गाला सुट्टी दिली आणि बजावलं, "कोणीही अंगणात यायचं नाही. आणि नमस्ते तर मुळीच म्हणायचं नाही." मुलं अंगणात आली नाहीत. ती हेडक्लार्कांच्या अंगणात जमली आणि कुंपणावरून ओळीने डोकी काढून बघत राहिली. मधलं डोकं हेडक्लार्कांचं होतं.

घर बघून मला धडकी भरली. रिकामं, चार भिंती, त्यातल्या एकीवर फळ्याची करडी सावली. कोण म्हणेल याला घर? फक्त मायलेकी आत होत्या. ताई बेकरीतून परस्पर आल्या होत्या. "आम्हाला मिळो न मिळो मास्तर," त्या म्हणाल्या, "साहेब येणार तर धूळ तरी नको." त्या ओटा घासत होत्या आणि काबरं गुडघ्यांवर बसून, जीभ बाहेर काढून, लादी पुसत होती. कोपऱ्यापासून सुरुवात करून ती मागे मागे सरकत दारापाशी आली होती.

फाटक वाजलं. तिन्ही साहेब एका ओळीत आले. आणि मुलांनो, अंगणातल्या खुर्चीवरून मी ताडकन उठलो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात एकटाच म्हणालो, "नमस्ते, साहेब!"

शिस्त! कुंपणावरच्या सगळ्या डोक्यांनी एकदम श्वास आत घेतला. शिक्षण खात्याचे साहेब समाधानाने हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं, मला वाटलं, मीच बुडवलं.

गृहनिर्माणच्या साहेबांनी दारातून आत जायला पाय उचलला.

"अहो! थांबा!"

साहेबांचा पाय हवेत राहिला.

"चपला!" काबरं ओरडली. हातात ओलं फडकं, कपाळावर केस. "चपला बाहेर! आताच पुसलंय ना! दिसत नाही का?"

तिघंही जागच्या जागी थिजले. आतून ताईंचा आवाज आला, "अगं, साहेब आहेत ते!"

"साहेब असले म्हणून काय? पाय उमटतात!"

आणि मग मी ते दृश्य बघितलं, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. गृहनिर्माणचे साहेब चटकन दोन पावलं मागे झाले, "हो, हो, चुकलंच," असं पुटपुटले आणि वाकून बूट काढायला लागले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते त्यांनी दुसऱ्या पायाने झाकायचा प्रयत्न केला. शिक्षण खात्याच्या साहेबांनी चपला काढल्या, पुन्हा नीट जोडीने ठेवल्या. अग्निशमनवाल्यांनी आपल्या गुडघ्यापर्यंतच्या बुटांकडे बघितलं, त्यांच्या नाड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मी इथूनच बघतो."

दोघं आत गेले, भिंतीच्या कडेकडेने, टाचा उचलून. घरचे ओरडल्यावर आपण सगळेच चालतो तसे.

"ही भिंत करडी का?" शिक्षणवाल्यांनी विचारलं.

"तिथे आईचं कपाट येणार," काबरं म्हणाली. "मग दिसणार नाही."

"तुझी जागा कुठली?" गृहनिर्माणच्या साहेबांनी विचारलं.

"मी खिडकीखाली. आई दारापाशी."

साहेबांनी मान तिरकी केली. "का बरं?"

कुंपणावर कोणीतरी फिस्सकन हसलं. काबरं मात्र गंभीर होती. "आई पहाटे उठते ना. मी दारात झोपले तर तिला अंधारात मला ओलांडून जावं लागेल. ओट्याखाली पिंप. दप्तर खुंटीला, जमिनीवर नाही. सगळं ठरलंय." त्या खडूच्या घरात ती इतके दिवस राहिली होती; तिला काही आठवावं लागलं नाही.

साहेबांनी खिडकीखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग शिक्षणवाल्यांना म्हणाले, "तुमच्या शाळेत शिरताना कधी कोणी तुम्हाला असं ओरडलंय?"

"शाळेत? छे! शाळेत सगळे उठून उभे राहतात."

"आणि घरी?"

शिक्षणवाले आपल्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाले, "रोज."

शेरा तिथेच, ओट्यावर कागद ठेवून लिहिला गेला. तो मला पाठ आहे: 'प्रवेश करतेवेळी अधिकाऱ्यांना पादत्राणे काढण्यास भाग पाडण्यात आले. सबब ही वास्तू घर आहे.' खाली दोन सह्या आतून आणि तिसरी उंबरठ्याबाहेरून, हात लांब करून. दाखला ताईंच्या ओल्या हातात देताना साहेब म्हणाले, "आता कपाट आणा."

मग काय विचारता! कुंपण ओलांडून सगळी पोरं आली. हेडक्लार्क फाटकातून आले, कारण त्यांना कुंपण ओलांडता येईना, आणि येताच म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं, वाद घालायचा नाही?" गवंडी कामावरून धावत आला, त्याने बुजवलेल्या दारावर हात फिरवला आणि म्हणाला, "मास्तर, आता हात लावलात तर बघा." आमच्या हिने सगळ्यांना चहा केला आणि पोरांना सांगितलं, "उद्यापासून वर्ग आमच्या पुढच्या खोलीत. पण मी आत आले तर कोणी उठायचं नाही. मला कामं असतात." तिसरा हप्ता यथावकाश आला. शिक्षण खात्याची पत्रंही अजून येतात, मुख्याध्यापकांच्या नावाने. ती कपाटात आहेत. असू देत.

दोन दिवसांनी सामान आलं. पिंप ओट्याखाली गेलं, कपाटाने फळा झाकला. संध्याकाळी मी अर्ध्यात खूण घातलेलं ते पुस्तक घेतलं आणि मागच्या अंगणात गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आपला आनंदात, गुणगुणत, ढकललं आणि आत शिरलो. चपला, बरं का, बाहेर काढल्या होत्या. तेवढं शिकलो होतो.

खिडकीखाली बसलेली काबरं उठली. हो, उठली, पण नमस्ते म्हणाली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मान तिरकी केली. मग माझा हात धरला, हळूच, आजोबांना रस्ता ओलांडायला मदत करावी तसा, आणि मला उंबरठ्याबाहेर आणून उभं केलं. माझ्या चपलांपाशी. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. नव्या कडीचा आवाज आला.

मी पुस्तक बगलेत धरलं आणि दार वाजवलं.

आतून काबरंने ऐटीत विचारलं, "कोण आहे?"